विश्लेषण : रॉक बँडने तारीख बदलली, वर्ध्याच्या गायन संचाने काय बदलायचे?

‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ‘सेंजुत्सू’ हा अल्बम २०१९ मध्येच पॅरिसच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. तो श्रोत्यांच्या हाती पडला ३ सप्टेंबर २०२१ रोजी. याच बँडचा २०२० च्या उन्हाळ्यातला युरोप दौरा आधी २०२१ वर आणि मग २०२२ वर गेला. करोनाकाळात जगभरच्या कित्येक बँडची हीच गत झाली आणि प्रत्येक बातमीत एकच शब्द होता, ‘पुढे ढकलले’. त्याच दिवसांत वर्धा जिल्ह्यातले गायन संच, ऑर्केस्ट्रा आणि धुमाल पार्ट्याही नवी गाणी बसवून, तारखांचा बयाणा घेऊन तयार होत्या. त्यांच्याबद्दलही ‘कार्यक्रम पुढे ढकलले’ असेच म्हटले गेले. मात्र लंडनमधला ‘पुढे’ आणि हिंगणघाटमधला ‘पुढे’ यांत मोठे अंतर होते. त्या अंतराची किंमत कोणी मोजली, हे पाहायला हवे.

तयार अल्बम का अडकून पडले?

रॉक बँडच्या कमाईचे गणित गेल्या दोन दशकांत उलटे झाले आहे. कॅसेट आणि सीडीच्या जमान्यात अल्बम खपावा म्हणून दौरा निघायचा. आता गाणे मोबाइलवर जवळपास फुकट ऐकता येते, त्यामुळे दौऱ्याची तिकिटे खपावीत म्हणून अल्बम निघतो. नवा अल्बम आला की मुलाखती होतात, गाणी कानावर पडू लागतात आणि त्याच हवेत स्टेडियम भरतात. मार्च २०२० मध्ये स्टेडियमच बंद झाली. आता अल्बम बाजारात आणला तर त्याची हवा दौऱ्याआधीच विरून जाणार, हे व्यवस्थापकांना लगेच कळले.

‘फू फायटर्स’चा ‘मेडिसिन ॲट मिडनाइट’ बँडच्या पंचविसाव्या वर्षात, म्हणजे २०२० मध्ये यायचा होता. तो ५ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. ‘वीझर’चा ‘व्हॅन वीझर’ मे २०२० वरून थेट मे २०२१ वर गेला, कारण ‘ग्रीन डे’ आणि ‘फॉल आउट बॉय’बरोबरचा त्यांचा एकत्र दौराच वर्षभराने लांबला होता. ‘द किलर्स’ आणि ‘डीप पर्पल’ यांनी काही आठवड्यांची वाट पाहून २०२० च्या ऑगस्टमध्ये अल्बम काढले. ‘पर्ल जॅम’ने मात्र थांबायचे नाकारले. त्यांचा ‘गिगाटन’ २७ मार्च २०२० रोजी, ठरल्या दिवशीच आला. अमेरिकेतला त्याचा दौरा व्हायला मात्र २०२२ चा मे महिना उजाडला.

तबकडीच्या शौकिनांना आणखी एक फटका बसला. तबकडीचा साचा ज्या लॅकरच्या चकतीवरून बनतो, ती चकती बनवणारे कारखाने जगात दोनच होते. त्यातला कॅलिफोर्नियातला ‘अपोलो मास्टर्स’ ६ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्याही आधी, आगीत खाक झाला. पाठोपाठ करोनाने तबकड्या छापणारे कारखाने बंद पाडले आणि घरात अडकलेल्या लोकांची तबकड्यांची मागणी मात्र वाढली. छपाईची रांग महिनोन्महिने सरकेना.

दौरे लांबले तरी बँड कसे टिकले?

मोठ्या बँडपुरते उत्तर सोपे आहे. प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे आधीच भरलेले होते. आयोजकांनी ‘तेच तिकीट नव्या तारखेला चालेल’ असे जाहीर केले आणि बहुतेकांनी तिकीट ठेवून दिले. जुन्या गाण्यांची रॉयल्टी येत राहिली. करारात आपत्तीचे कलम होते, वकील होते, काहींचा विमाही होता. थोडक्यात, तारीख त्यांच्या मालकीची होती. त्यांनी ती उचलली आणि दुसरीकडे ठेवली.

तरीही ‘ढकलले’ म्हणजे ‘झालेच’ असे नसते. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ हा बँड अनेक वर्षांच्या खंडानंतर मार्च २०२० मध्ये टेक्सासमधून दौरा सुरू करणार होता. प्रत्यक्षात पहिला कार्यक्रम जुलै २०२२ मध्ये झाला. दौऱ्याच्या सुरुवातीलाच गायकाच्या पायाला दुखापत झाली, पुढे उरलेला दौरा रद्द झाला आणि २०२४ च्या जानेवारीत ड्रमरने सांगून टाकले की आता बँड पुन्हा मंचावर येणार नाही. थांबण्याची ऐपत असलेल्यांनाही काळ परत मिळत नाही, इतके यावरून दिसते.

भारतात चित्र मधले होते. १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ‘यू टू’ वाजवून गेले, तेव्हा आता मोठे बँड महाराष्ट्रात नेमाने येतील असे वाटत होते. तीन महिन्यांत सगळे थांबले. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला ‘एनएच७ वीकेंडर’ २०२० मध्ये पडद्यावर उरकावा लागला. इथल्या बँडना जागतिक दौरे नसतात. त्यांचे पोट कॉलेज महोत्सव, पब आणि कंपन्यांचे कार्यक्रम यांवर चालते आणि ही तिन्ही दारे एकाच आठवड्यात बंद झाली.

वर्ध्यात या सगळ्याच्या जागी काय आहे?

वर्धा जिल्ह्यात रॉकची बाजारपेठ नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात गिटार आणि ड्रम्स घेऊन उभे राहणारे विद्यार्थी असतात, तेवढेच. पण ‘नवी गाणी काढायची, मग त्यांच्या जोरावर गावोगाव कार्यक्रम करायचे’ हे चक्र वर्ध्याला चांगले ठाऊक आहे. इथे ते १४ एप्रिलभोवती फिरते.

आंबेडकरी जलशांची परंपरा १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी उभी केली. पुढे वामनदादा कर्डकांनी भीमगीत वस्तीवस्तीत नेले. कॅसेटच्या काळात शिंदे घराण्याचा आवाज घराघरांत पोहोचला आणि एक रीत पक्की झाली, ती म्हणजे नवी भीमगीते जयंतीच्या आधी बाजारात यायची. आता कॅसेटची जागा यूट्यूबने घेतली, पण रीत तीच आहे. गाणे मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले पाहिजे. ते १४ तारखेच्या मिरवणुकीत वाजले पाहिजे. ते वाजले तर एप्रिल आणि मे महिन्यांत, बुद्धपौर्णिमेपर्यंत, ‘अमुक गायक आणि संच’ अशा फलकाखाली रात्रीचे प्रबोधनाचे कार्यक्रम मिळतात. वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट आणि आसपासच्या गावांतल्या जयंती समित्या नागपूरपासूनचे संच बोलावतात. गायक, कोरसला दोघे-तिघे, कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड, बेंजो, निवेदक, साउंडवाला आणि गाडीचा चालक. आठ-दहा घरांची चूल एका रात्रीला बांधलेली असते.

याच कलाकारांतले बरेच जण उरलेल्या वर्षात दुसऱ्या फलकाखाली वाजवतात. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, गणपती आणि दुर्गोत्सवात धुमाल. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर धुमाल म्हणजे वाहनावर रचलेले ड्रम, ताशे, कीबोर्ड किंवा बेंजो आणि छाती हादरवणारे भोंगे. वर्ध्याच्या रस्त्यावर रॉक बँडच्या सर्वांत जवळचे काही असेल, तर ते हेच. आवाजाबद्दलच्या तक्रारीही तेवढ्याच.

या हंगामाचे वेगळेपण असे की त्याची एकही तारीख कलाकाराच्या हातात नसते. जयंती १४ एप्रिललाच असते, मुहूर्त पंचांग ठरवते आणि गणपती भाद्रपदातच येतात. ‘आयर्न मेडन’ला दौरा जूनमधून पुढच्या जूनमध्ये नेता आला, तसे १४ एप्रिल जुलैत नेता येत नाही. ती हुकली तर थेट पुढचे वर्ष.

आणि पुढचे वर्षही हुकले तर?

तेच झाले. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. जयंतीला जेमतेम तीन आठवडे उरले होते. गाणी तयार होती, काहींचे व्हिडीओ चित्रित झालेले होते, तारखा दिलेल्या होत्या. १४ एप्रिल घरात गेला. २६ एप्रिलची अक्षय तृतीया गेली, ७ मेची बुद्धपौर्णिमा गेली. यात वर्ध्याच्या वाट्याला एक विचित्र गोष्ट आली. केंद्राने १ मे रोजी जाहीर केलेल्या यादीत वर्धा महाराष्ट्रातल्या सहा ग्रीन झोन जिल्ह्यांत होते. जिल्ह्यात पहिला रुग्ण मे महिन्यात आढळला. म्हणजे रोग यायच्या आधीच हंगाम गेला होता. झोन कोणताही असो, गर्दीचे कार्यक्रम सगळीकडेच बंद होते. हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. प्रश्न त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, एवढाच आहे.

गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि मिरवणूक नाही, असा नियम आला. मूर्तिकारांच्या अडचणीची बातमी झाली, पण मिरवणूक नाही म्हणजे धुमाल नाही, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्या वर्षी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा नेहमीसारखा सोहळा झाला नाही. त्या दिवसांतली गाण्यांची, सीडीची, पुस्तकांची विक्रीही त्याबरोबर गेली.

नोव्हेंबर २०२० मध्ये नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडली. शहरातल्या नाटकांना त्याने थोडा श्वास मिळाला, पण बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत होणाऱ्या कार्यक्रमाला क्षमता कशी मोजणार? तरीही जानेवारीत हालचाल सुरू झाली. लोकांनी पुन्हा गाणी रेकॉर्ड केली, काहींनी उसनवारीने साउंड दुरुस्त केला, समित्यांच्या बैठका झाल्या. मग २२ फेब्रुवारी २०२१ पासून शेजारच्या अमरावतीत टाळेबंदी लागली आणि वाऱ्याची दिशा कळली.

त्या वर्षीचा योगायोग क्रूरच म्हणावा लागेल. राज्य सरकारने ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू केले, ते १४ एप्रिल २०२१ रोजी रात्री ८ वाजल्यापासून. जयंतीची रात्र, जेव्हा एरवी तबला-ढोलक लावून होते आणि पहिले वंदनागीत सुरू होते, तीच वेळ. पुढच्याच आठवड्यात लग्नांसाठी जास्तीत जास्त २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली, मोडली तर ५० हजार रुपये दंड. पंचवीस माणसांत वर-वधू, आईवडील आणि भटजी किंवा भन्ते धरले की ऑर्केस्ट्राच्या आठ जणांना जागा कुठून काढणार?

रॉक बँडच्या लांबलेल्या दौऱ्यात आणि या हंगामात खरा फरक इथे दिसतो. एक एप्रिल जाणे म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा जाणे. दुसरा जाणे म्हणजे पहिल्याच्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचाही हप्ता चुकणे. ज्यांनी मिक्सर, स्पीकर किंवा गाडी हप्त्यावर घेतली होती, त्यांचे सामान घरात पडून राहिले आणि व्याज चालू राहिले. बंद खोलीत पावसाळा काढलेल्या स्पीकरचे पडदे आणि ढोलकीची पुडी यांचे काय होते, हे वाजवणाऱ्याला विचारावे लागत नाही.

पैसे परत करण्याचा मामलाही असाच वाकडा होता. स्टेडियमचा प्रेक्षक तिकीट घेतो, वर्ध्याचा प्रेक्षक घेत नाही. इथे पैसा समिती किंवा वधूपिता देतो. कार्यक्रम झाला नाही की बयाणा परत मागितला जातो आणि मागणारा चुकीचा नसतो, कारण त्याच्याकडेही पैसा नसतो. टाळेबंदीत कापूस खरेदी केंद्रे बंद पडली तेव्हा विदर्भातल्या कित्येक शेतकऱ्यांचा कापूस घरातच अडकला होता. ज्या घरात कापूस पडून आहे, ते घर जयंतीची वर्गणी कुठून देणार? करार तोंडी, नोंद डायरीत, आपत्तीचे कलम कोणी ऐकलेलेही नाही. सहसा संचप्रमुखाने बयाणा वादकांत आधीच वाटलेला असतो. मग परतफेड त्याच्या एकट्याच्या गळ्यात.

ऑनलाइन कार्यक्रम हा पर्याय नव्हता का?

जयंती घरी साजरी करा असे आवाहन झाले आणि कित्येक गायकांनी फेसबुकवरून गायले. लोकांनी ऐकले, मनापासून दाद दिली. पैसे मिळाले नाहीत. परदेशातल्या बँडने तिकीट लावून ऑनलाइन मैफली केल्या, कारण त्यांचा श्रोता आधीपासून कार्डाने पैसे भरणारा होता. यूट्यूबवर कमाई व्हायला दर्शकसंख्या लाखांत लागते, शिवाय गाण्याचे हक्क बहुधा गायकाकडे नसून गाणे काढणाऱ्या कंपनीकडे किंवा चॅनेलकडे असतात. कडुबाई खरातांसारखा एखादा आवाज मोबाइलवरून महाराष्ट्रभर पोहोचतो, ते खरे. पण त्या प्रसिद्धीचे रूपांतर कमाईत व्हायला शेवटी गावातला मंचच लागतो. ढोलकवादकाला तर तेवढीही वाट नाही. व्हिडीओत त्याचे नावही नसते.

आणि भीमगीताचा कार्यक्रम ही ऐकून सोडून द्यायची गोष्टही नाही. मधल्या निवेदनात शिक्षणावर, व्यसनावर, गावातल्या प्रश्नांवर बोलले जाते. समोरच्या गर्दीतून चिठ्ठ्या येतात, फर्माईश होते, नोटा ओवाळल्या जातात. ही वरकमाई अनेकदा ठरल्या मानधनाइतकीच मोलाची ठरते. मोबाइलच्या पडद्यावर ती शून्य होते.

विद्यार्थी बँडचे नुकसान कशात मोजायचे?

एक बाजू पैशांपलीकडची आहे. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिल्या वर्षी ओळखी होतात, दुसऱ्या वर्षी बँड जमतो, तिसऱ्या वर्षी तो बरा वाजवू लागतो आणि चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू होतात. अशा बँडचे आयुष्यच मुळात दोन-अडीच वर्षांचे. २०२०-२१ चे संमेलन झाले नाही, वसतिगृहे रिकामी झाली, मुले आपापल्या गावी गेली. पुढच्या वर्षीही जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली. ज्यांनी २०१९ मध्ये प्रवेश घेतला, त्यांच्यापैकी ज्यांना बँड काढायचा होता, त्यांचा तो निघालाच नाही. त्याची बातमी होणे शक्य नव्हते. जो बँड जमलाच नाही, त्याचा दौरा रद्द कसा होणार?

सरकारी मदत पोहोचली का?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी पाच हजार रुपयांची एकरकमी मदत मंजूर केली. म्हणजे टाळेबंदी लागून सतरा महिन्यांनी आणि दोन जयंत्या, दोन लग्नसराया गेल्यानंतर. पाच हजारांना सतराने भागले तर महिन्याला तीनशे रुपयेही होत नाहीत. मदत नाकारण्यासारखी नव्हती, पण तिला दिलासा म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होईल.

वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आधीपासून आहे. तिची अट पन्नाशी ओलांडलेली असण्याची आणि तेव्हा जिल्हा पातळीवरच्या कलावंताला मिळणारी रक्कम महिन्याला २२५० रुपये होती. करोनाने सर्वाधिक मोडला तो तिशीतला ऑक्टोपॅडवाला, ज्याच्यावर मुलांची शाळा आणि स्पीकरचे हप्ते दोन्ही होते. तो या योजनेत बसत नव्हता.

फेरीवाल्यांशी तुलना केली तर उणीव नेमकी दिसते. जून २०२० मध्ये केंद्राने ‘पीएम स्वनिधी’ योजनेतून फेरीवाल्यांना दहा हजारांचे कर्ज द्यायला सुरुवात केली. ते शक्य झाले, कारण २०१४ च्या कायद्यामुळे फेरीवाल्याची गणना आणि ओळखपत्र ही कल्पना तरी अस्तित्वात होती. ढोलकवादकाची तशी कोणतीही नोंद कोणाकडे नव्हती. तो दुकानदार नाही, बांधकाम मजूर नाही, बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्थेचा सदस्यही नाही. असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ पोर्टल उघडले ते २६ ऑगस्ट २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरल्यावर.

इतर देशांत वेगळे काय घडले?

अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये बंद पडलेल्या सभागृहांसाठी कायदा करून अनुदान दिले, ते पुढे सुमारे १६ अब्ज डॉलरपर्यंत गेले. ब्रिटनने २०२१ च्या सप्टेंबरपासून ७५ कोटी पौंडांची विमा हमी योजना आणली, म्हणजे सरकारी निर्बंधांमुळे कार्यक्रम रद्द झाला तर आयोजकाचा खर्च बुडू नये. ही योजना उशिरा आल्याची टीका तिथेही झाली. अमेरिकेतला पैसाही मुख्यतः सभागृहांना आणि प्रवर्तकांना मिळाला, गिटारवादकाला नव्हे. त्यामुळे तिकडचे सगळे उचलून इकडे आणावे असे नाही, आणि वर्ध्यातल्या जयंती समितीने विमा काढावा ही अपेक्षा तर हास्यास्पदच. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. त्या सरकारांना निदान कोणाला पैसे पाठवायचे, हे माहीत होते.

२०२२ नंतर सगळे पूर्ववत झाले का?

राज्यातले निर्बंध १ एप्रिल २०२२ च्या मध्यरात्रीपासून उठले, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. बाराच दिवसांनी आलेली जयंती तीन वर्षांतली पहिली मोकळी जयंती ठरली. वामनदादांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. राज्यभर गर्दी झाली आणि वाजवणाऱ्यांना तारखा कमी पडल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही झाले आणि जिल्ह्याला पुन्हा मांडवांची सवय लागली. जागतिक पातळीवर तर लाटच आली. ‘कोल्डप्ले’ने जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत तीन कार्यक्रम केले आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा उल्लेख केला. त्या इकॉनॉमीत हॉटेल, विमान आणि तिकीट ॲप यांचा हिशोब असतो. देवळी तालुक्यातल्या मांडवामागे छोट्या हत्तीतून स्पीकर उतरवणाऱ्याचा नसतो.

मधल्या दोन वर्षांत लग्नांनी एक धडा घेतला, तो कलाकारांना महागात पडतो आहे. आठ जणांच्या ऑर्केस्ट्राऐवजी एक डीजे, एक लॅपटॉप आणि दोन पोरे एवढ्यावर काम भागते, हे यजमानांना कळले. खर्च कमी, जेवणाची पाने कमी. करोना नसता तरी हे झाले असते, पण इतक्या झटक्यात झाले नसते. यात गायकाला अजून मागणी आहे, कारण चेहरा आणि आवाज लागतो. मागे बसणारा वादक आधी गळतो. तो एकदा रोजगाराच्या दुसऱ्या वाटेला लागला की संच पुन्हा उभा करताना नवा माणूस शून्यापासून शिकवावा लागतो.

नोंद नसणे हा मूळ रोग असेल, तर तिच्यासाठी नवे पोर्टल उघडायची गरज नाही. उघड्यावरच्या प्रत्येक कार्यक्रमात ध्वनिक्षेपक लावायचा तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार परवानगी लागते आणि त्यासाठी समितीला पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागतो. अर्जावर आयोजकाचे नाव, जागा आणि वेळ असते. त्याच अर्जात गायन संचाचे नाव, प्रमुखाचा मोबाइल क्रमांक आणि वादकांची संख्या असा एक रकाना वाढवला आणि वर्षअखेरीस ती माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेली, तर एका जयंतीच्या हंगामात जिल्ह्याची बरीचशी यादी तयार होईल. रात्री दहानंतर भोंगा वाजला तर गुन्हा कोणावर दाखल करायचा, हे ठाण्याला तेव्हा पटकन कळते. संच बंद पडला तर पैसे कोणाला पाठवायचे, हे कळायलाही तोच कागद पुरेसा आहे.